एकच जग, तीन टेबलं: सातवाहन काळातलं सामाईक कॅम्पेन

रांजण

सध्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची तीन टेबलं, म्हणजे खेळाडूंचे तीन ग्रुप, डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणून चालवतोय आणि तिन्ही एकाच जगात आहेत. एक कल्याण बंदरावर, एक जुन्नरच्या बाजारपेठेत, तिसरं नाशिकजवळच्या गोवर्धनला. काळ क्षत्रप राजा नहपान आणि सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यांच्या झगड्याचा. रूल्स फिफ्थ एडिशनचे, जादू मात्र बरीच कापलीय. खेळाडू वेगवेगळे, एकदोन सोडले तर एकमेकांना ओळखतही नाहीत, पण जुन्नरच्या टेबलाने घाटात तांडा लुटला की त्याची झळ कल्याणच्या टेबलाला बसते. असं काही करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण यावर मराठीत फारसं कुठे वाचायला मिळत नाही.

बहुतेक जण सुरुवात नकाशापासून करतात. नकाशा हवाच, पण माझं ठाम मत आहे की सामाईक जग नकाशावर उभं राहत नाही, ते कॅलेंडरवर उभं राहतं. तीन टेबलं एका नकाशावर खेळतायत पण तारखांचा पत्ता नाही, तर ती तीन वेगळी जगं झाली, फक्त गावांची नावं सारखी. डी अँड डीच्या दोन निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, काळाची काटेकोर नोंद नसेल तर कॅम्पेनला (अनेक सेशन्समधून चालणाऱ्या सलग खेळाला) अर्थ उरत नाही, हे वाक्य सगळं कॅपिटलमध्ये छापलंय. उगाच नाही छापलेलं.

कॅलेंडर मी बनवलं नाही, आयतं मिळालं. सातवाहनांच्या लेण्यांतल्या लेखांत तारीख कशी असते, तर राजाचं वर्ष, मग ऋतूचा पक्ष, मग दिवस. संवत्सर १८, वर्षापक्ष २, दिवस १, अशी. ऋतू तीनच, ग्रीष्म, वर्षा, हेमंत, आणि प्रत्येकाचे आठ पक्ष, म्हणजे वर्षाचे २४. गेमसाठी यापेक्षा सोपं कॅलेंडर शोधून सापडणार नाही, पक्ष म्हणजे पंधरा दिवस, संपला विषय.

आता महत्त्वाचं. प्रत्येक टेबल त्या कॅलेंडरवर कुठे आहे ते एका गूगल शीटमध्ये. कुठलंही टेबल दुसऱ्याच्या दोन पक्षांपेक्षा जास्त पुढे जायचं नाही. जो पुढे गेला तो थांबतो, म्हणजे सेशन थांबत नाही पण कॅरॅक्टर एका जागी राहून करायची कामं करतात, जखमा भरणं, माल विकणं, ओळखी वाढवणं वगैरे. आणि वर्षाऋतूचे आठ पक्ष आले की सगळ्यांनाच थांबावं लागतं, कारण जहाजं येत नाहीत, नाणेघाट निसरडा होतो, बैल चढत नाहीत, भिक्खू लेण्यांत वर्षावासाला बसतात. म्हणजे दर वर्षी एकदा तिन्ही टेबलं आपोआप एका तारखेवर येतात. मी हे मुद्दाम केलं नसतं तरी सह्याद्रीने करायला लावलंच असतं. ज्यांना स्वतःचं जग बनवायचंय त्यांनी असा एक ऋतू जगात घालाच, बर्फ असो, पूर असो, काहीही असो, सगळ्यांना घरी बसवणारा.

दुसरी गोष्ट बातमी. जगात काय घडलं त्यापेक्षा ते कोणाला कधी कळलं हे जास्त महत्त्वाचं. माझ्या टेबलांवर कल्याणहून जुन्नरला बैलांचा तांडा पाच दिवसांत, एकटा धावणारा जासूद दोन दिवसांत पोचतो. जुन्नर ते गोवर्धन तांड्याला सहा-सात दिवस. प्रत्येक सेशननंतर शीटमध्ये एक ओळ टाकतो: काय घडलं, कुठे, कोणत्या दिवशी, कोणाला कळलं, पुढच्या गावी कधी कळणार. इतकंच. पानंच्या पानं नोट्स लिहायची गरज नाही.

उदाहरण देतो. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी प्रवासाच्या पुस्तकात नोंद आहे की कल्याण एके काळी चालू बंदर होतं, नंतर संदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हातात गेल्यावर ते अडवलं गेलं आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला न्यायला लागले. हे मी कल्याणच्या टेबलासमोर घडवलं, जहाज बंदरासमोर आलं, पहारेकऱ्यांच्या होड्यांनी वेढलं आणि उत्तरेला वळवलं, बंदरावरचे हमाल बघत राहिले. पार्टी, म्हणजे त्या टेबलाच्या कॅरॅक्टरांची टोळी, होड्यांच्या मागे लागायचं की आधी शहरातल्या व्यापाऱ्याला सांगायचं यावर भांडत बसली आणि रात्र गेली. जुन्नरच्या टेबलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त पाच दिवसांनी बाजारात इटलीच्या वाइनचा भाव चढलेला दिसला, आणि कल्याणकडून येणारा एक तांडा अर्ध्याच बैलांवर माल घेऊन आला. त्यांनी त्यावरून स्वतःच अंदाज बांधला, माणूस पाठवला, आणि तिथून त्यांचं पुढचं सगळं प्रकरण सुरू झालं. दोन टेबलं भेटली नाहीत, एकमेकांचं नावही घेतलं नाही, तरी जोडली गेली. सामाईक जगात मला हेच हवं असतं.

---

वीसबाजू

मस्त लिहिलंय. दोन शंका. पहिली, जादू कापली म्हणून तुमचं जमलं, पण ज्यांच्या जगात सेंडिंग (दूरवर निरोप पाठवणारी स्पेल) आणि टेलिपोर्टेशन सर्कल (दूरच्या ठिकाणी क्षणात नेणारी स्पेल) आहे त्यांच्या बातमीचं काय, ती तर लगेच पोचते. दुसरी, खेळाडू बाहेर एकमेकांना व्हॉट्सॲपवर सांगत असतील तर कॅरॅक्टरला माहीत नाही पण खेळाडूला माहीत आहे असं होणारच ना.

---

रांजण

सेंडिंग ठेवलीत तरी चालते. ती तिसऱ्या लेव्हलची स्पेल आहे आणि एका निरोपात २५ शब्द मावतात, त्यामुळे पोचते ती बातमी, तपशील नाही. "बंदर अडवलं, जहाज भडोचला गेलं, माणूस पाठवा" इतकं कळतं, कोणी अडवलं, का अडवलं, कोण फितूर होता हे कळत नाही. आणि पाठवणाऱ्याला समोरचा ओळखीचा लागतो, अनोळखी माणसाला निरोप जात नाही. अशी स्पेल असलेली गावात दोनच माणसं ठेवा, ती कोणाची नोकरी करतात ते ठरवा, की तीच तुमची टपाल सेवा झाली आणि ती विकतही घेता येते. टेलिपोर्टेशन सर्कलला त्या ठिकाणच्या चिन्हांचा क्रम माहीत असावा लागतो, आणि कायमचं सर्कल करायला एकाच जागी वर्षभर रोज तीच स्पेल टाकावी लागते, म्हणजे कोणत्या शहरात सर्कल आहे आणि त्याचा क्रम कोणाकडे आहे हे डीएमच्याच हातात राहतं.

खेळाडूंनी एकमेकांना सांगण्याबद्दल, मी कधीच बंदी घातली नाही. उलट सांगू द्यावं. आपल्या टेबलावर घडलेलं दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटतंय यासारखं चांगलं लक्षण नाही. फक्त जे सांगतील ते अफवा म्हणून जगात येतं, आणि अफवा खरी की खोटी हे कॅरॅक्टरनेच शोधायचं. जुन्नरच्या एकाला बाहेरून कळलं होतं की कल्याणचा अमुक व्यापारी फितूर आहे. मी म्हटलं ठीक, तुझ्या कॅरॅक्टरने ती अफवा पाणवठ्यावर ऐकली, आता काय करतोस.

---

जुनाखडू

याला थोडं जुनं अस्तर लावतो, कारण लोकांना वाटतं अनेक टेबलं एका जगात हे काहीतरी नवीन प्रगत प्रकरण आहे. खरं उलट आहे. हा छंद जन्मलाच असा. १९६९ मध्ये डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचा खेळ मिनेसोटात खेळवला, त्यात प्रत्येकाची भूमिका वेगळी, हेतू वेगळे, गाव एकच. त्यातूनच डी अँड डीचा दुसरा निर्माता डेव्ह आर्नेसन याचं ब्लॅकमूर हे खेळातलं जग उभं राहिलं आणि तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गायगॅक्सचा खेळातला ग्रेहॉक किल्ला. त्या किल्ल्यात रोज वेगळी माणसं उतरायची, आज कोणी एक खोली रिकामी केली तर उद्या येणाऱ्याला ती रिकामीच सापडायची. पुढे रॉब कुंट्झ सोबत डीएम झाला म्हणजे दोन डीएम, एक जग. १९७४ चे पहिले छापील रूल्स काढून बघा, एका कॅम्पेनमध्ये ४ ते ५० खेळाडू असं लिहिलंय, आणि खऱ्या जगातला एक आठवडा म्हणजे खेळातला एक आठवडा. पाच मित्र, एक पार्टी, एक गोष्ट, दर शनिवारी, ही पद्धत नंतरची.

तेव्हापासून हे वेगवेगळ्या आकारात परत परत येत राहिलं. आरपीजीए या अशा खेळाडूंच्या संस्थेने १९८७ मध्ये लिव्हिंग सिटी हे सामाईक कॅम्पेन सुरू केलं, नंतर २००० ते २००८ लिव्हिंग ग्रेहॉक, ज्यात खऱ्या जगातल्या प्रदेशांना ग्रेहॉकमधले प्रदेश वाटून दिले होते, तुम्ही अमुक राज्यात राहता म्हणजे तुमच्याकडे तमुक राज्याची गोष्ट. बेन रॉबिन्सने वेस्ट मार्चेस या आपल्या कॅम्पेनबद्दल लिहिलं ते २००७ मध्ये. त्यात ठरलेली वेळ नाही, ठरलेली पार्टी नाही, ठरलेलं कथानक नाही, कुठे जायचं ते खेळाडूच ठरवतात आणि डीएमला तारीख विचारतात. रांजण करतायत ते यापेक्षा वेगळं आहे, यांची टेबलं पक्की आहेत, पण कॅलेंडरचा हट्ट मात्र थेट १९७४ चा.

---

मुळाकाठ

थोडा वेगळा सूर लावतो. कॅलेंडर सांभाळणं सगळ्यांना झेपणारं नाही, नोकरी करून आठवड्याला एक सेशन तयार करतानाच जीव मेटाकुटीला येतो, त्यात तीन टेबलांच्या तारखा. माझी पद्धत सोपी आहे. पहिलं कॅम्पेन संपवलं, दुसरं त्याच जगात वीस वर्षांनंतर. पहिल्या ग्रुपने जाळलेलं गाव दुसऱ्या ग्रुपला ओसाड मिळतं, पहिल्या ग्रुपमधली एक कॅरॅक्टर आता गावची पाटलीण आहे. क्रिटिकल रोल या डी अँड डीच्या वेबशोवाल्यांनी पण पहिल्या आणि दुसऱ्या कॅम्पेनमध्ये साधारण वीस वर्षांचं अंतर ठेवलं. तारखांचा गुंता नाही, कोणी कोणाची वाट बघत नाही, आणि जुन्या खेळाडूंना आपलं नाव पुढे दंतकथेत ऐकून जो आनंद होतो तो वेगळाच.

---

रांजण

मुळाकाठ, तुमचं पटतंय आणि नवीन डीएमने तसंच सुरू करावं असं मीही सांगेन. पण एक फरक आहे. वीस वर्षांच्या अंतरात परिणाम एकाच दिशेने जातो, पहिल्याकडून दुसऱ्याकडे. दुसरा ग्रुप पहिल्याचं काही बिघडवू शकत नाही, वाचवू पण शकत नाही. माझ्याकडे कल्याणवाल्यांनी केलेलं जुन्नरला लागतं आणि जुन्नरवाल्यांनी त्याला दिलेलं उत्तर परत कल्याणला येतं, पाच दिवसांनी. त्या येण्याजाण्यासाठीच मी तारखा सांभाळतो. ते नको असेल तर खरंच तारखा सांभाळू नका, उगाच ओझं.

---

कोष्टीण

मी रांजणदादाच्या गोवर्धनच्या टेबलावर खेळते म्हणून खेळाडूच्या बाजूने सांगते. माझं कॅरॅक्टर कोष्ट्यांच्या श्रेणीची (त्या काळच्या व्यावसायिक संघाची) हिशेबनीस आहे, तलवारीला हात लावत नाही. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे ना, त्यात त्याने गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले, २००० वर शेकडा एक दरमहा व्याज आणि १००० वर शेकडा पाऊण. ते खरं व्याज दादाने तसंच गेममध्ये उचललंय. हिशेब करून बघा, २००० वर महिन्याला २०, वर्षाचे २४०, आणि लेखात लिहिलंय की त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यायचे. वीस बारं २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब चोख जुळतो हे बघून मला अंगावर काटा आला होता.

तर आमच्या पार्टीने लुटीचा पैसा माझ्या श्रेणीत ठेवलाय आणि व्याज कॅलेंडरवर चढतं. टेबल दोन पक्ष थांबलं तरी आम्हाला काही वाटत नाही, व्याज चालू असतं.

आणि युद्धाची बातमी आम्हाला कशी कळली ते ऐका. कोणी जासूद आला नाही. एक व्यापारी ठेव ठेवायला आला, मी पैसे मोजत होते, दादाने माझ्या हातात कागदाचं कापलेलं नाणं दिलं. नहपानाचा चेहरा, कडेला ती ग्रीक अक्षरं, सगळं ओळखीचं, पण चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर ठोकलेला, खालून नहपानाचं नाक दिसतंय. उलटं केलं तर मागे उज्जैनचं चिन्ह, दोन्ही सातवाहनांच्या खुणा. टेबलावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग आमच्यातला एक म्हणाला, म्हणजे राजा बदलला. कोणत्या टेबलाने काय केलं आणि लढाई कुठे झाली ते आम्हाला आजही पूर्ण माहीत नाही, पण श्रेणीतल्या सगळ्या जुन्या नाण्यांचं आता काय होणार यावर आमची पुढची कितीतरी सेशन्स गेली.

---

जुनाखडू

कोष्टीण, ते नाणं नुसतं कल्पनेतलं नाही बरं का. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली, त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप ठोकलेला आहे. एका टेबलाच्या लढाईचा निकाल दुसऱ्या टेबलाच्या खिशात पोचवायला याहून चांगलं साधन मला तरी सुचत नाही.

---

वीसबाजू

पण मग निकाल आधीच ठरलेला झाला ना? इतिहासात गौतमीपुत्र जिंकला, शिलालेखात त्याला क्षहरात वंश (नहपानाचा वंश) निरवशेष करणारा म्हटलंय, मग खेळाडूंनी काही केलं काय आणि नाही केलं काय.

---

रांजण

नाही, निकाल ठरलेला नव्हता. माझ्या शीटमध्ये पुढच्या घटना आहेत, पण प्रत्येकीपुढे "कोणी मध्ये आलं नाही तर" असं लिहिलेलं. कोणी मध्ये आलं नाही तर हेमंतपक्ष ३ ला सैन्य घाटावर येईल. कोणी मध्ये आलं नाही तर नहपानाचा अमात्य अयम जुन्नरला तळ्यापाशी दान देईल, म्हणजे त्या दिवशी तो कुठे सापडेल ते माहीत आहे. हा अयम खरा माणूस, जुन्नरच्या लेण्यात त्याचा लेख आहे, नहपानाच्या ४६ व्या वर्षाचा. जुन्नरच्या टेबलाने त्याच्याशी संधान बांधलं आणि बरीच उलथापालथ झाली, गौतमीपुत्र जिंकला पण एक पावसाळा उशिरा, आणि गोवर्धनच्या कोष्ट्यांना सवलती देऊन. इतिहास मी सुरुवातीला धरतो, पुढे खेळाडूंचा.

तीन टेबलं म्हटलं की दुसरा वाद हमखास येतो, दोन टेबलं एकाच एनपीसीवर (खेळाडू नाही, डीएम चालवतो अशा पात्रावर) हात टाकतात. समजा गोवर्धनवाले पक्ष ५ मध्ये एका व्यापाऱ्याशी बोलले, आणि नंतर खेळलेल्या सेशनमध्ये जुन्नरवाले पक्ष ४ ला त्यालाच मारायला निघाले. नियम एकच आणि तो सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगितलेला: जे टेबलावर आधी खेळलं गेलं ते घडलं. तो व्यापारी पक्ष ५ ला जिवंत होता, म्हणजे पक्ष ४ ला मरणार नाही. निसटेल, जखमी होईल, हात तुटेल, पण मरणार नाही. म्हणूनच टेबलांमधलं अंतर दोन पक्षांपेक्षा वाढू द्यायचं नाही, अंतर जितकं जास्त तितके असे हात बांधलेले प्रसंग जास्त, आणि खेळाडूला ते लगेच जाणवतं.

---

अटकेपार

न्यू जर्सीहून. आमचं थोडं वेगळं, जग एक पण डीएम दोन, मी इकडे आणि शाळेतली मैत्रीण पुण्यात. दोन डीएम असले की कॅलेंडरच्या आधी हद्द ठरवावी लागते. आम्ही नदी धरली, नदीच्या अलीकडचं सगळं माझं, पलीकडचं तिचं. तिच्या राजाबद्दल मी एक वाक्य बोलायचं असेल तरी तिला विचारणार. एनपीसी नदी ओलांडून आला की एक चिठ्ठी सोबत येते, त्याला काय हवंय, कशाची भीती आहे, काय लपवतोय, तीन ओळी, आणि त्यानंतर तो दुसऱ्या डीएमचा, त्याला मारला तरी तक्रार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, आपला लाडका एनपीसी सोडून देता आला पाहिजे.

वेळेचा प्रश्न होता, आमची शनिवार सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, पण लागोपाठ सेशन ठेवली की उलट फायदाच होतो, तिचं संपतं तेव्हा माझं सुरू होतं आणि ती मला अर्ध्या तासात घडलेलं सांगते.

रांजण, सगळी टेबलं एकत्र बसवायचा प्रयोग केलाय का? आमचे खेळाडू फार मागे लागलेत.

---

रांजण

हद्दीची कल्पना उत्तम, आणि चिठ्ठीची त्याहून.

सगळे एकत्र नको. बारा-चौदा जण एका टेबलावर बसले की एका राउंडला पाऊण तास जातो आणि बोलणारे तिघं बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात. त्यापेक्षा प्रत्येक टेबलाने दोन वकील पाठवायचे. आम्ही वर्षाऋतूत तेच केलं, नाणेघाटाच्या लेण्यात पावसात अडकलेले सहा जण, प्रत्येकाला आपल्या गावची माहिती आणि दुसऱ्याच्या गावचं काहीच नाही. फासे फार पडले नाहीत, पण सगळ्या वर्षाचे धागे त्या एका सेशनमध्ये जुळले. बाकीच्यांना आपला वकील परत आल्यावर तो काय सांगतो त्यावरूनच कळलं, आणि त्यातल्या एकाने आपल्याच टेबलाला अर्धवट सांगितलं. ते त्याने कॅरॅक्टर म्हणून केलं आणि अप्रतिम केलं.

लेव्हलचा फरक असेल तर तो राहू द्या, वकिलीत लेव्हल चार आणि लेव्हल सहा यांनी काही बिघडत नाही.

---

पहिलाचडाव

वाचून फार इच्छा झालीय. माझ्याकडे दोन ग्रुप आहेत, एक कॉलेजचा आणि एक ऑफिसमधला, दोन्ही नवीन. इतका इतिहास मला येत नाही. कुठून सुरू करू?

---

रांजण

इतिहास लागत नाही. दोन गावं घ्या, मध्ये एक रस्ता, चालत चार दिवसांचा. एका गावात एक ग्रुप, दुसऱ्यात दुसरा. दोन्ही गावांत ये-जा करणारा एकच माणूस ठेवा, मीठ विकणारा म्हणा, आणि दोन्ही ग्रुपना तो आवडेल असा करा, म्हणजे उधारी देणारा, लहान मुलांना गूळ देणारा. एक शीट उघडा, दोन रकाने, प्रत्येक ग्रुपची आजची तारीख. पहिली दोन-तीन सेशन्स बाकी काही जोडू नका, नेहमीसारखं खेळा. मग एका ग्रुपच्या गावात तो मीठवाला ठरलेल्या दिवशी येत नाही. दुसऱ्या ग्रुपला तो कुठे आहे ते माहीत असतं, कारण तो त्यांच्याच गावात आजारी पडलाय आणि त्याच्या पोत्यात मिठाखाली काहीतरी सापडलंय. काय सापडलंय ते मात्र आत्ताच ठरवू नका, दोन्ही ग्रुप तोवर काय खेळतात ते बघून ठरवा. आणि पहिलं सेशन झालं की इथे लिहा, शीट लागली तर माझी कॉपी देतो.